रेमिंग्टन ७०० रायफलसाठी कुठला स्कोप घ्यावा, आणि तो बसवायचा कसा?

पिट्सबर्गचा_पाव्हणा | ८ सप्टेंबर

मंडळी, नमस्कार.

पश्चिम पेन्सिल्व्हेनियात राहतो. थँक्सगिव्हिंग झालं की ऑफिसातली निम्मी माणसं गायब होतात. ती जातात कुठे (हरणाच्या शिकारीला!), याची चौकशी करता करता मलाच हे वेड लागलं. हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, लायसन काढलं आणि वापरलेली पण निगुतीने ठेवलेली रेमिंग्टन ७०० घेतली. बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीनंतर मागचा दांडा, म्हणजे बोल्ट, हाताने मागेपुढे करायचा), काडतूस .३०८ विंचेस्टर. नळीवर नेम धरायला काहीच नाही, त्यामुळे स्कोपशिवाय, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीशिवाय, ती नुसती काठी आहे.

बजेट सगळं मिळून चारशे डॉलर. ऑफिसातला एक जण म्हणतो ४-१६x५० घे (चार ते सोळा पट मोठं दिसतं, पुढचं भिंग ५० मिमीचं), 'जास्त दिसलं तर बिघडतं कुठे?' दुसरा म्हणतो ३-९x४० च्या पुढे जाऊ नकोस. दुकानदार म्हणतो, स्कोप आमच्याकडून घेतलात तर फुकट बसवून देऊ. मला चष्मा आहे, प्रोग्रेसिव्ह. जागा म्हणाल तर घनदाट झाडी, चढउतार, सरकारी गेम लँड (शिकारीसाठी राखलेली जमीन).

शिकार करावी की करू नये यावर हा धागा नाही. तो वेगळा काढा, तिथेही येईन.

रानवाट | ८ सप्टेंबर

पाव्हणे, तुमचा दुसरा सहकारी शहाणा आहे.

पेन्सिल्व्हेनियाच्या झाडीत हरीण दिसतं ते पन्नास ते शंभर-सव्वाशे यार्डांवर, आणि दिसतं म्हणजे दोन खोडांच्या मधून पाठीचा एक तुकडा दिसतो. अशा वेळी किती मोठं दिसतंय याला किंमत नसते, किती रुंद दिसतंय याला असते. ३x वर शंभर यार्डांवरचा साधारण ३३ फुटांचा पट्टा दिसतो, ९x वर तोच १४ फुटांवर येतो. १६x वर चालतं हरीण शोधून दाखवा, लायसनची फी मी भरतो. माझा स्कोप जंगलात शिरताना नेहमी ३ वर असतो. हरीण दूर असेल तर मोठा करायला वेळ मिळतोच, जवळ असेल तर छोटा करायला मिळत नाही.

वजनही बघा. साधा ३-९x४० साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा, तो ४-१६x५० सहाशेच्या पुढे. दिवसभर खांद्यावर तुम्हालाच वागवायचाय.

पण लोक भिंगावर महिनाभर चर्चा करतात आणि ज्याच्यावर ते भिंग उभं राहणार ते बेस (रायफलवर स्क्रूने बसणारा पाया) आणि रिंगा (स्कोप धरणाऱ्या कड्या) दुकानातून निघताना गल्ल्याजवळच्या टोपलीतून उचलतात. मी इथे तीस वर्षं बघतोय, 'स्कोप बिघडला' म्हणून जे रडत येतात त्यांतल्या बहुतेकांचा स्कोप धडधाकट असतो. खालचा स्क्रू हललेला असतो. चारशेतले सत्तर-ऐंशी डॉलर बेस आणि रिंगांना बाजूला काढा, उरलेल्याचा स्कोप घ्या. आणि बसवा स्वतः.

टेक्सासचा_तात्या | ८ सप्टेंबर

रानवाटकाका, तुमचं सगळं जग शंभर यार्डांत आटपलं म्हणून सगळ्यांचं आटपत नाही हो! आमच्याकडे पश्चिम टेक्सासात पाइपलाइनच्या सरळ पट्ट्यात तीनशे यार्डांवर डुक्कर उभं राहतं. माझा ६-२४x५० आहे आणि मी सुखी आहे.

पाव्हण्या, एकदाच घे, मोठा घे.

रानवाट | ८ सप्टेंबर

तात्या, पाइपलाइन असेल तर जरूर घ्या. पाव्हण्यांकडे हेमलॉकची झाडी आहे. तुमच्या ६x ला चाळीस यार्डांवर नुसते केस दिसतील, कुठल्या अवयवाचे ते ओळखत बसा.

भिंगरी | ९ सप्टेंबर

मी रॉचेस्टरला ऑप्टिक्समध्ये काम करते आणि नवऱ्यामुळे दरवर्षी न्यूयॉर्कच्या दक्षिण भागात हरणामागे हिंडते. म्हणून भिंगापुरतं बोलते.

'५० मिमीचं भिंग जास्त प्रकाश घेतं' हे अर्धंच खरं. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, एवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत तुमच्या डोळ्यात येतो. ४० मिमीचा स्कोप ६x वर ठेवला तर झोत ६.७ मिमीचा, ९x वर ४.४ चा. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिमीपर्यंत उघडते, पन्नाशीकडे झुकलं की पाचच्या आसपास. बाहुलीपेक्षा जाड झोत आला तर जास्तीचा प्रकाश बुबुळावर सांडतो, आत जात नाही. थोडक्यात, पहाटेच्या अंधुक उजेडात पट कमी करा, बरंचसं काम होतं. ५० च्या भिंगाने स्कोप उंच बसवावा लागतो आणि गाल दस्त्यावरून उचलला जातो, तो तोटा वेगळाच.

खरा फरक लेपाचा. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून चारेक टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपमध्ये असे दहा पृष्ठभाग धरा, म्हणजे एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गेला. झाइस या जर्मन भिंगकंपनीतल्या स्माकुलाने १९३५ मध्ये यावरच्या लेपाचं पेटंट घेतलं, आणि आज दोनशे डॉलरच्या स्कोपमध्येही सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थरांचे लेप मिळतात. खोक्यावर 'फुली मल्टी-कोटेड' हे तिन्ही शब्द आहेत ना बघा. नुसतं 'कोटेड' असेल तर ठेवून द्या.

स्कोपची ३० मिमीची नळी जास्त प्रकाश देते हीसुद्धा अशीच एक अफवा. तिचा उपयोग नेम वरखाली करायला जास्त वाव मिळावा म्हणून, आणि तो लागतो लांब पल्ल्याला. तुम्हाला एक इंची नळी पुरे.

आता चष्मा. प्रोग्रेसिव्ह काचेत दूरचा नंबर वरच्या भागात असतो आणि कडेला चित्र वाकतं. रायफलला गाल लावला की मान पुढे झुकते आणि तुम्ही काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघायला लागता. तिथे काय दिसेल याचा नेम नाही. एक-नंबरी, फक्त दूरचा चष्मा करून घ्या, मोठ्या काचेचा. मग स्कोपच्या मागच्या टोकाची फिरकी अशी जुळवा: रिकाम्या आभाळाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे स्कोप धरा, क्षणभर बघा, नजर काढा, फिरकी थोडी फिरवा, पुन्हा क्षणभर बघा. पहिल्या क्षणीच फुली (नेमाच्या आडव्या-उभ्या रेघा) काळीभोर दिसली पाहिजे. टक लावून बघाल तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि तुम्ही फसता. आणि हे त्याच चष्म्यातून करा जो घालून जंगलात जाणार.

नवा_एच१बी | ९ सप्टेंबर

मध्येच विचारतो, माफ करा. मी एच-१बी वर आहे. मला रायफल घेता येते का? मित्र म्हणतो अजिबात नाही.

रानवाट | ९ सप्टेंबर

मित्राचं मूळ म्हणणं बरोबर आहे. नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. पण त्याच कायद्यात अपवाद आहे: कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन जवळ असेल तर चालतं. लायसन संपलं की अपवादही संपला, आणि रायफल कपाटात असली तरी तो गुन्हा. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही. राज्याराज्याचे नियम वर आणखी वेगळे. इमिग्रेशनची गोष्ट आहे, वकिलाला फी देऊन विचार, माझ्यासारख्या आयडीवर विसंबू नको.

कोल्हापुरी_ठसका | १० सप्टेंबर

वाचतोय. आमच्याकडं स्कोपचा प्रश्नच नाही. दहा मीटर एअर रायफलला दुर्बीण चालत नाही, मागं बारीक भोक आणि पुढं गोल कडी, संपला विषय. आमच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला २०२४ मध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं ते अशाच भोकातनं बघून. भिंगाविना! तात्या, ऐकताय न्हवं?

टेक्सासचा_तात्या | १० सप्टेंबर

ऐकतोय रे भावा. कुसाळेसमोरचा कागद पळून जात नव्हता, एवढंच म्हणतो.

पिट्सबर्गचा_पाव्हणा | २१ सप्टेंबर

थोडा उशीर झाला. ३-९x४० घेतला, एक इंची नळी, साधी ड्युप्लेक्स फुली (कडेला जाड, मध्याशी बारीक रेघा). स्कोप घ्यायला गेलो तेव्हा रायफल सोबत होतीच. 'दहा मिनिटांत बसवतो' म्हणत दुकानदाराने बसवूनही दिला. रिंगा-बेस त्याच्याकडचेच.

काल गेम लँडच्या रेंजवर गेलो. पंचवीस यार्डांवर ठीक वाटलं. शंभरवर कागद लावला तर गोळ्या सहा-सात इंचांत पसरलेल्या. एक वर, एक डावीकडे, एक कुठेतरी तिसरीकडेच. नेम डावीकडे सरकवला तर पुढची गोळी उजवीकडे गेली. वाळूच्या पोत्यावर ठेवून मारत होतो, हात स्थिर होता. शेवटच्या गोळीला स्कोपची कड भुवईला लागली. रक्त नाही आलं, पण बायकोने विचारलंच.

स्कोप खराब निघाला का? परत करू?

रानवाट | २१ सप्टेंबर

परत करायची घाई नको. भुवईला लागला म्हणजे स्कोप फार मागे बसवलाय, हे नक्की. उरलेलं आपण शोधू.

घरी एवढं करा. रायफल रिकामी आहे ना, दोनदा बघा, बोल्ट काढून बाजूला ठेवा. स्कोप एका हाताने आणि रायफलची नळी दुसऱ्या हाताने धरून पिळून बघा. मग रिंगा सोडवा, स्कोप उचलून ठेवा आणि खालच्या बेसचे स्क्रू तपासा. काय दिसतं ते कळवा. फोटो टाकता आला तर उत्तम.

पिट्सबर्गचा_पाव्हणा | २२ सप्टेंबर

काका, तुमच्या तोंडात साखर पडो.

पुढच्या बेसचे दोन स्क्रू. एक नुसत्या बोटाने फिरला! दुसरा घट्ट, पण बाहेर काढला तर आट्यांमध्ये पिवळसर तेल. बेसच्या खालीही तेलाचा थर. बहुधा आधीच्या मालकाने गंज येऊ नये म्हणून लावलेलं, आणि दुकानात ते न पुसताच वरून बेस आवळलेला. मागच्या रिंगेच्या टोपीला एका बाजूला फट आहे, दुसऱ्या बाजूला दोन्ही ओठ टेकलेत. खिडकीच्या चौकटीशी ताडून बघितलं तर फुलीही उजवीकडे कललेली.

फुकट ते पौष्टिक म्हणतात ते याला का?

रानवाट | २२ सप्टेंबर

झालं, रोग सापडला. गोळी सुटली की बेस केसभर हलतो, प्रत्येक वेळी वेगळा बसतो. अशा बेसवर हजार डॉलरचा स्कोप ठेवलात तरी हेच होणार.

आता नव्याने करू. सावकाश वाचा.

आधी बेस. रेमिंग्टन ७०० मध्ये बोल्ट ज्या पोलादी घरात सरकतो त्याचा मागचा पूल पुढच्या कड्यापेक्षा बुटका असतो, म्हणून दोन तुकड्यांचे बेस वेगवेगळ्या उंचीचे येतात, आणि स्क्रूही कमीजास्त लांबीचे. अदलाबदल करू नका. पुढच्या बेसच्या भोकात लांब स्क्रू गेला तर तो आत बोल्टला घासतो. बेस आवळला की बोल्ट घालून उघडझाक करून बघायचा. जड गेला तर स्क्रू लांब आहे. मी तर सरळ एकसंध पिकॅटिनी पट्टीच घ्या म्हणेन. तिच्या खाचा ०.२०६ इंच रुंद, ठरावीक अंतरावर, त्यामुळे स्कोप पुढेमागे सरकवायला वाव भरपूर. जुन्या वीव्हर पद्धतीच्या पट्टीच्या खाचा ०.१८० च्या. वीव्हरच्या रिंगा पिकॅटिनीवर बसतात, उलट बसतीलच असं नाही. (अवांतर: पिकॅटिनी हे न्यू जर्सीतल्या लष्करी शस्त्रागाराचं नाव. एडिसनच्या गणपतीला जाणाऱ्या मंडळींपासून फार लांब नाही.)

भोकं, स्क्रू, बेसचा तळ, सगळं अ‍ॅसिटोनने किंवा आयसोप्रोपिलने पुसून कोरडं करा. कानात घालायच्या कापूसकाडीने भोकाच्या आतून फिरवा, काडी स्वच्छ बाहेर येईस्तोवर. मग बेसच्या स्क्रूला निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक थेंब. लाल नाही, निळा. लाल लावलात तर पुढच्या मालकाला बर्नर घेऊन बसावं लागेल.

आवळायचं किती, यासाठी इंच-पौंडातला टॉर्क पाना (किती पिळलं ते मोजणारा) घ्या. हे स्क्रू नखाएवढे असतात. हाताच्या अंदाजाने एक माणूस निम्मं आवळतो, दुसरा आटेच घालवतो. बेसला साधारण १५ ते २०, रिंगांच्या टोप्यांना १५ ते १८ इंच-पौंड. १८ म्हणजे जेमतेम दोन न्यूटन-मीटर, यावरून कल्पना येईल. रिंगेचा जो आडवा बोल्ट पट्टीला धरतो त्याला बराच जास्त लागतो आणि कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून खोक्यातला कागद वाचा. कागदात आणि माझ्यात वाद झाला तर कागद खरा. आडवा बोल्ट आवळताना रिंग पुढे ढकलून खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवा, कारण धक्क्याने रायफल मागे येते आणि स्कोप पुढे जाऊ बघतो.

रिंगांच्या टोप्यांना लॉकटाइट नको. ओल्या आट्यांवर तोच टॉर्क जास्त पिळतो आणि स्कोपची नळी चेपते.

आता स्कोप रिंगांत सैल ठेवा आणि पट ९ वर न्या, कारण मोठ्या पटाला डोळ्याचं अंतर सगळ्यांत कमी असतं. सीझनला घालणार तोच जाड कोट घाला. घरात टीशर्टवर जुळवलेला स्कोप डिसेंबरात कोटावर दोन बोटं पुढे-मागे होतो. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग उघडा. चित्र कडेपर्यंत पूर्ण दिसलं पाहिजे, भोवती काळी सावली नको. स्कोप पुढे सरकवत न्या, सावली यायला लागली की जरासा मागे घ्या. तिथेच राहू दे. डोळा आणि काच यांत साडेतीन इंच तरी हवेत. चढावर वरच्या दिशेने मारताना हे अंतर आणखी कमी होतं, हे विसरू नका.

फुली सरळ करायला गवंड्याचा ओळंबा. रायफल शिकंजात किंवा पोत्यांवर ठेवा, पट्टीवर आडवी पाणसळ ठेवून रायफल समपातळीत आणा, पंधरा-वीस पावलांवर दोरीला वजन बांधून टांगा आणि उभी रेघ त्या दोरीवर आणा. शंभर यार्डांवर अंशभर तिरकेपणाने आकाश कोसळत नाही, पण तिरकी फुली दिसली की माणूस नकळत रायफलच वाकडी धरतो.

टोप्यांचे स्क्रू समोरासमोरचे, तिरके, थोडे थोडे आवळत जा, आणि दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवा. आवळताना फुली फिरते, म्हणून मधूनमधून ओळंब्याकडे बघत राहायचं. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या धातूवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हललाय, पाना न लावता कळतं.

मृण्मयी_ | २३ सप्टेंबर

मी शाकाहारी आहे आणि हा धागा का वाचतेय ते मलाच माहीत नाही. पण एक विचारते. तो हललेला स्क्रू तसाच राहिला असता आणि हे जंगलात गेले असते, तर?

रानवाट | २३ सप्टेंबर

तर बहुधा हरणाच्या पोटात किंवा पायात गोळी बसली असती, आणि ते दोन दिवसांनी कुठल्यातरी ओढ्याकाठी मेलं असतं. मृण्मयीताई, छातीतली मर्माची जागा आठ-दहा इंचांची असते. सात इंच पसरणारी रायफल घेऊन तिथे नेम धरणं हा जुगार आहे. इथल्या जुन्या लोकांत रेंजवर न जाता थेट जंगलात जाणारा माणूस बदनाम असतो, तो याचसाठी.

टेक्सासचा_तात्या | २३ सप्टेंबर

या बाबतीत काकांशी शंभर टक्के सहमत. लिहून ठेवा, पुन्हा होणार नाही.

पिट्सबर्गचा_पाव्हणा | ४ ऑक्टोबर

पट्टी, नव्या रिंगा आणि टॉर्क पाना मागवला. दुकानाला फोन केला होता, 'परत आणा, पुन्हा आवळून देतो' म्हणाले. नको म्हटलं.

शनिवारी तळघरात बसवला. छताच्या पाइपला दोरी बांधून खाली बायकोचा खलबत्त्यातला बत्ता टांगला, ओळंबा म्हणून उत्तम चालतो. १८ इंच-पौंडाला पाना 'टक' करतो तेव्हा विश्वास बसत नाही. एवढंच? मी अजून पिळायला तयार होतो. दुकानवाल्याने मागच्या रिंगेला किती पिळलं असेल ते तिथल्या नळीवरच्या चंद्रकोरीएवढ्या वळावरून कळतंय. स्कोप वाया गेला असेल का?

रविवारी रेंजवर जाणार. पंचवीस यार्डांवरून सुरुवात करायची ना? नेमाच्या फिरक्यांच्या क्लिकचा हिशेब कोणी समजावेल का, मॅन्युअलमधलं डोक्यावरून गेलं.

भिंगरी | ४ ऑक्टोबर

वळ नखाला लागत नसेल तर काळजी नाही. पट फिरवण्याची कडी सगळीकडे सारखी फिरतेय आणि फुली जागच्या जागी आहे एवढं बघा.

क्लिकचं सोपं आहे. तुमच्या स्कोपची एक क्लिक पाव एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे शंभर यार्डांवर जवळजवळ पाव इंच. इंचाला चार क्लिक. पंचवीस यार्डांवर अंतर चौथाई, म्हणून इंचाला सोळा क्लिक. समजा पंचवीसवर गोळी तीन इंच डावीकडे आणि दोन इंच खाली लागली: उजवीकडे ४८ क्लिक, वर ३२. बाणावर 'अप' लिहिलंय तो गोळी वर नेतो, फुली नाही. लोक इथेच गोंधळतात आणि उलट फिरवून कागदाबाहेर जातात.

रानवाट | ४ ऑक्टोबर

काडतूस घालायच्या आधी एक फुकटचं काम: बोल्ट काढा, रायफल पोत्यांत घट्ट बसवा, नळीतून मागून डोळा लावून पंचवीस यार्डांवरच्या काळ्या गोलावर नळी रोखा. रायफल न हलवता स्कोपमधून बघा आणि फुली त्याच गोलावर आणा. पहिली गोळी कागदावर लागणारच.

पंचवीसवर मध्यात आणलीत की शंभरवर ती .३०८ दोन-अडीच इंच वर लागेल. स्कोप नळीच्या दीड इंच वर आहे, गोळी खालून येऊन नजरेची रेघ कापते आणि वर जाते, म्हणून. ती शंभरवर दोन इंच वर ठेवली तर दोनशेवर साधारण मध्यात येते, आणि तीनशेवर आठ-नऊ इंच खाली. झाडीत तुम्हाला दीडशेच्या पुढे मारायचं नाहीच, तेव्हा दीड-दोन इंच वर ठेवा आणि सोडून द्या.

तीन-तीन गोळ्यांचे गट मारा. एका गोळीवरून क्लिक फिरवत बसू नका, तिन्हींचा मध्य धरा. नळी हाताला गरम लागली की थांबा. नळीखाली पोतं नको, लाकडाच्या पुढच्या भागाखाली हवं. आणि जे काडतूस सीझनला वापरणार तेच, त्याच वजनाच्या गोळीचं. १५० ग्रेनवर जुळवून १८० ग्रेन घेऊन गेलात तर सगळी मेहनत पाण्यात.

पिट्सबर्गचा_पाव्हणा | ६ ऑक्टोबर

जमलं!

नळीतून बघून जुळवलेली पहिलीच गोळी कागदावर, अडीच इंच खाली आणि थोडी उजवीकडे. भिंगरीताईंच्या हिशेबाने क्लिक फिरवल्या, पुढची मध्याला चाटून. शंभरवर तीन गोळ्या दीड इंचात, मध्यापासून पावणेदोन वर. तोच स्कोप, तीच रायफल, तीच काडतुसं. भुवई शाबूत. पांढऱ्या रेघा सगळ्या जागच्या जागी.

शेजारच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी बिनॉक्युलरमधून माझा कागद बघितला आणि अंगठा दाखवला.

रानवाट | ६ ऑक्टोबर

शाब्बास. आता क्लिकच्या फिरक्यांना हात लावू नका, झाकणं लावून टाका.

ते बिनॉक्युलरचं मात्र तुम्हीही लक्षात घ्या. जंगलात काही हललं की स्कोपमधून 'काय आहे' बघायची सवय लावू नका. स्कोप जिकडे वळतो तिकडे नळीही वळते, आणि हललेला कधीकधी केशरी जाकीट घातलेला माणूस असतो. २५० चौरस इंच केशरी कापडाचा नियम उगाच नाही. गळ्यात साधी ८x४२ दुर्बीण टाका, ओळख पटली की मगच रायफल.

कोल्हापुरी_ठसका | ७ ऑक्टोबर

पाव्हणं, नाद खुळा! एक विचारू? घरच्या अंगणात टिनाचे डबे पाडायला माझी स्प्रिंगची एअर रायफल आहे, .१७७ ची. तिला असला स्कोप बसंल का? आमचा एक दाजी डिसेंबरात अमेरिकेहून येणार आहे, बॅगेतनं आणायला सांगतो.

रानवाट | ७ ऑक्टोबर

दाजींना अडकवू नका. रायफलची दुर्बीण अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणाच्या यादीत येते. परवान्याशिवाय बॅगेत टाकून देशाबाहेर नेणं हा इथे गुन्हा आहे, आणि सापडतात लोक. भारतात एअर रायफलसाठी बनवलेले स्कोप मिळतात, तिथेच घ्या.

आणि घ्याल तो 'स्प्रिंग एअरगनसाठी' असं लिहिलेलाच. स्प्रिंगची बंदूक दोन धक्के देते: पिस्टन सुटताना मागे, आणि टोकाला आपटताना पुढे. साधे स्कोप मागच्या धक्क्याची तयारी ठेवून बांधलेले असतात, पुढच्याने त्यांची भिंगं सुटतात. .३०८ वर वर्षानुवर्षं टिकणारा स्कोप तुमच्या एअर रायफलवर महिन्याभरात खुळखुळा होईल. शिवाय हरणाच्या स्कोपचा पॅरॅलॅक्स शंभर यार्डांना बांधलेला असतो, तुमच्या दहा-वीस मीटरवर डबा धूसर दिसेल आणि डोळा हलला की नेमही हलेल. रिंगांच्या मागे खिळ बसवून घ्या, नाहीतर स्कोप पट्टीवरून मागे सरकत येतो.

कोल्हापुरी_ठसका | ७ ऑक्टोबर

बरं झालं विचारलं. दाजीला बदाम आणायला सांगतो.

पिट्सबर्गचा_पाव्हणा | १९ नोव्हेंबर

शेवटचा प्रश्न, मग तुमची सुटका. पुढच्या शनिवारी पहाटे निघायचं, बाहेर शून्याखाली असणार. काचेवर धुकं धरतं म्हणतात. काय करू?

भिंगरी | १९ नोव्हेंबर

आतून धरणार नाही. आत कोरडा नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असतो. ल्युपोल्ड या स्कोपकंपनीने १९४० च्या दशकाच्या शेवटी हे सुरू केलं ते अशाच धुकं धरलेल्या स्कोपला वैतागून. बाहेरून धरतं, आणि दोनच वेळा: थंडगार रायफल उबदार गाडीत किंवा घरात आणली की, आणि तोंडाची वाफ लागली की. तेव्हा आदल्या रात्री रायफल कुलूपबंद पेटीत थंड गॅरेजमध्ये ठेवा, सकाळी गाडीतही मागे थंडीतच, हीटरजवळ नको. झाकणं नेम धरायच्या वेळेपर्यंत बंद. चष्म्याखालून मफलर वर घेतलात तर तुमचीच वाफ चष्म्यावर आणि मागच्या काचेवर जाईल, म्हणून नाक उघडं ठेवा. आणि काचेवर बर्फाचा कण पडला तर फुंकर मारू नका, गोठून बसतो. मऊ ब्रशने झटका. खिशात ठेवा एक.

रानवाट | १९ नोव्हेंबर

आणि निघायच्या आदल्या आठवड्यात रेंजवर जाऊन थंड नळीतून एकच गोळी मारून या. गरम नळीतून मारलेल्या तीन गोळ्यांचा गट कितीही सुंदर असला तरी हरणाला मिळणार ती थंड नळीतली पहिली. ती कुठे लागते ते कागदावर तारखेसकट लिहून ठेवा.

पिट्सबर्गचा_पाव्हणा | २४ नोव्हेंबर

मारली. पावणेदोन वर, केसभर डावीकडे. क्लिकला हात लावला नाही.